सव्वादोन तासांवरचा मुलगा

आमच्या तिकिटांच्या ऑफिसात माझं टेबल अगदी दारासमोर आहे. आत येणारा माणूस आधी मलाच विचारतो, "किती लांब आहे हो?" शहराचं नाव मागाहून सांगतो. मी विचारते, "किलोमीटर सांगू की तास?" शंभरातले नव्व्याण्णव म्हणतात, तासच सांगा. किलोमीटर ऐकून माणसाला काही कळत नाही. तास म्हटले की जेवण कुठे, झोप कुठे, घ्यायला कुणी यायचं, अशा विचारांना तो लगेच लागतो. बावीस वर्षं मी हे तास सांगते आहे. आमचे साहेब नव्या लोकांना सांगतात, शंका आली तर बाईंना विचारा. उभ्या आयुष्यात मी एकाच माणसाला चुकीचे तास सांगितले, आणि ती माझी आई होती.

सांगितले म्हणणंही तितकंसं खरं नाही. तिचे तिनेच काढले. मी फक्त गप्प बसले.

आई शाळांचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, भिंतीला कापडाचे तागे आणि आईच्या गळ्यात टेप. अंघोळीला जाताना काय तो उतरायचा. मापाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. "पोराला जरा वाढतं माप ठेवा" म्हणणाऱ्या आयांना ती विचारायची, "किती वाढणार ते बोटांत सांगा, म्हणजे तेवढं ठेवते." पण दारात आलेल्याला ती आधी पाणी द्यायची. दोन गल्ल्या ओलांडून आलेल्यालासुद्धा म्हणायची, "लांबून आलात, बसा आधी. दमला असाल." माणूस ओशाळायचा, पण बसायचा.

'लांब' या शब्दाची तिला धास्ती होती. बाबा कामासाठी परगावी असायचे. मी बारा वर्षांची होते आणि धाकटा पाच, तेव्हा तिकडेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. निरोप सकाळी आला. बसने सात तासांचा रस्ता. आई आम्हा दोघांना घेऊन पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्या प्रवासाबद्दल ती कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "आपलं माणूस हाकेच्या अंतरावर असावं."

आणि धाकट्याला नोकरी लागली ती नऊ हजार किलोमीटरवर.

तो वेल्डर. जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काम होतं. इथे वर्षभर मिळालं असतं तेवढं तिकडे दोन महिन्यांत मिळणार होतं. आई तीन दिवस "नाही" एवढंच म्हणत होती. रागावली की ती मशीन जोरात चालवायची, आणि त्या तीन दिवसांत तिने एका अख्ख्या शाळेच्या चड्ड्या शिवून संपवल्या. चौथ्या दिवशी मी तिकिटाचा कागद घरी आणला. आईने चष्मा लावला, कागद ओट्यावर सपाट केला आणि बोट ठेवून वाचायला लागली.

"सकाळी नऊ-दहाला निघतं. पोहोचतं... अकरा-पंचवीसला." तिचं बोट थांबलं. "म्हणजे सव्वादोन तास? एवढंच?"

पोहोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा पोपटासारखं म्हणते. तिकडचं घड्याळ आपल्यामागे नऊ तास. विमान हवेत असतं सव्वाअकरा तास. कागदावर दिसतात सव्वादोन. त्या संध्याकाळी ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते परत गिळलं. धाकट्याने तोंड उघडलं होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मग तोंडं पाडून काय बसलात?" आई म्हणाली. "मावशीकडे जायला बसने याहून जास्त लागतात. जा की!"

सुंठीवाचून खोकला गेला. मी मूग गिळून बसले आणि धाकटा पुढच्या आठवड्यात गेला.

तुम्ही म्हणाल, आठ वर्षांत तिला कळलं कसं नाही? तिकडचं घड्याळ मागे आहे हे तिला ठाऊक होतं. दुपारी चारला त्याचा फोन यायचा आणि तो म्हणायचा, आत्ताच उठलोय. आई म्हणायची, "तिकडचे लोक उशिरा उठतात." घड्याळ मागे आहे हेही तिला माहीत आणि तिकीट सव्वादोन तासांचं हेही माहीत. पण या दोन गोष्टी तिच्या डोक्यात भांडलेल्या जावांसारख्या राहायच्या, एका घरात, एकमेकींशी न बोलता. आणि कधी बोलायची वेळ आलीच तर मी मध्ये पडायचे. येतानाचं विमान तिथून रात्री नऊला सुटायचं आणि इथे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला उतरायचं. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "येताना मध्ये रात्रभर मुक्काम असतो." एक खोटं झाकायला दुसरं. हे शहाणपण सगळ्यांना असतं, मला तर जरा जास्तच.

पहिल्या वर्षी तो येणार होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या परतीच्या तिकिटाचा कागद मी कपाटाला चिकटवून ठेवला होता. पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' छापलेलं होतं. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ 'दुसऱ्या दिवशी', बाकी काही नाही. आईने मला विचारलं नाही. संध्याकाळी घरी येते तर पलंगावर दोन उशा, नवी चादर आणि दोन टॉवेल, त्यातला एक कोरा, कोपऱ्यात तिने स्वतः निळ्या दोऱ्याने फूल काढलेला. मला वाटलं, धाकट्याचे लाड चाललेत. तो आला, दारात वाकला, आणि आई त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

"एकटाच?" ती म्हणाली. "बरोबर कोण येणार होतं ना? अधिक एक?"

आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने तो कोरा टॉवेल घडी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला, "येईल तेव्हा येईल" म्हणून. तो तसाच राहिला. धाकट्याचं लग्न काही जमलं नाही.

हसणं त्या वर्षापुरतंच. पुढे आईचा सूर बदलत गेला. "सव्वादोन तासांवर राहतो आणि वर्षातून एकदा तोंड दाखवतो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेजारच्या काकूंची मुलगी तीन तासांवर राहायची आणि दर महिन्याला यायची, त्यामुळे आगीत तेलच. धाकटा यायचा तेव्हा त्याचे पाय सुजलेले असायचे, डोळे लाल. जेवताना डुलक्या घ्यायचा. आई म्हणायची, "सव्वादोन तासांत पाय सुजतात होय? रात्रभर तर बसूनच होतास. तेवढ्या वेळात मी दोन शर्टांना बाह्या लावते." पाणी ती त्यालाही द्यायची. पण दोन गल्ल्यांवरून आलेल्या माणसाला जे म्हणायची, ते त्याला कधी म्हणाली नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. माझा भाऊ नऊ हजार किलोमीटरवर होता, पण आईच्या लेखी जवळच होता, त्यामुळे साजरं दिसण्याचंही त्याच्या नशिबात नव्हतं.

तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "ताई, सांगून टाकू या ना आता."

"कशाला? मला फाडून खाईल ती."

"मला वाटतं, तिला वाटतं की मला यावंसंच वाटत नाही."

"वाटू दे. जाशील तेव्हा विसरेल."

तो कायमच माझं ऐकायचा. आता खरं सांगते, कारण सांगायला उरलंय कोण? आईच्या रागाची भीती हे अर्धंच कारण होतं. घरी मी राहिले होते. तिचा रक्तदाब, तिची औषधं, तिचा सुईत न जाणारा दोरा, सगळं माझ्या वाट्याला. अशात ती शेजारणींजवळ धाकट्याविषयी बोलायची, "जवळ असून उपयोग काय?", तेव्हा मला बरं वाटायचं. गोड लागायचं म्हणा. पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून निदान त्याचाही भाव वाढू नये, इतकी मी कोती झाले होते.

या वर्षी आईचं हृदय थकलं. आधी जिना बंद झाला, मग मशीन. शेवटच्या महिन्यात पुढच्याच खोलीत पलंग टाकला, नाकाला ऑक्सिजनची नळी. एका दुपारी दोन वाजता डॉक्टरीणबाई मला जिन्यात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा."

तिकीट मीच काढलं, माझ्याच टेबलावरून. तिथून दिवसाला एकच विमान. पडद्यावर आलं, प्रवासाचा वेळ दहा तास तीस मिनिटं, पोहोचणे साडेचार, अधिक एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा फोन आला. तिकडे रात्रीचे नऊ. "ताई, विमानात बसलोय. दार लावतायत. आई?"

"झोपली आहे. तू ये."

सातला आई जागी झाली. आवाज अगदी दोऱ्याएवढा राहिला होता. "कुठवर आलाय?"

"निघाला गं. सहाला सुटलं विमान."

मी बोलून गेले आणि मग लक्षात आलं. तिच्या हिशेबी रात्रीचा मुक्काम होऊन गेला होता. तिने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ हलले. "सव्वाआठ," ती म्हणाली. "तिथून घरी यायला एक तास. सव्वानऊ." मग तिने उशी उंच करायला लावली. केस विंचरायला लावले. टेप मागितला. मी तो गळ्यात घालायला गेले तर तिने हातातच घेतला आणि एक टोक बोटाभोवती गुंडाळत, सोडत पडून राहिली.

साडेआठला डॉक्टरीणबाई आल्या. तपासून जाताना दारात हळूच म्हणाल्या, "कशावर टिकून आहेत, मला सांगता येत नाही." मला सांगता आलं असतं. सव्वानऊवर.

सव्वानऊला खाली गाडी थांबली. आईने हनुवटी वर केली. गाडीचं दार वाजलं, पावलं समोरच्या घरात गेली. साडेनऊ झाले. डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. पावणेदहा झाले. मी औषध द्यायला वाकले तर तिने तोंड फिरवलं.

"आजही नाही आला," ती म्हणाली.

"येतोय गं. उशीर झाला असेल."

"नको सांगूस." रागावली असती तर मला चाललं असतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती ते पुसेनाही. "माझंच काहीतरी चुकलं असणार. एवढ्या जवळून पोर येत नाही, म्हणजे आईच वाईट असणार."

आठ वर्षं मी समजत होते की ती त्याला दोष देते. ती स्वतःलाच देत होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं.

"आई, ते सव्वादोन तास खरे नाहीत. तिकिटावर तिथल्या घड्याळाची वेळ असते. त्याला जायला सव्वाअकरा तास लागतात. यायला साडेदहा. मुक्काम-बिक्काम काही नसतो. तो आत्ता हवेत आहे. साडेचारला उतरेल."

बोटाभोवतीचा टेप तिने सोडवला. मग म्हणाली, "किलोमीटर किती?"

बावीस वर्षांत मला किलोमीटर विचारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. "नऊ हजार."

"तुझ्या बाबांचं ते गाव?"

"तीनशे."

तिचं बोट टेपवरून सरकलं. "तीस पट," ती म्हणाली. "एवढ्या लांबून यायचा? दर वर्षी?"

"हो."

"आणि मी त्याला म्हणायचे, बाह्या लावते..." तिला धाप लागली. मी पाठ चोळत राहिले. धाप बसल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "मापात पाप केलंस, बाई."

"हो."

"का?"

"आधी तू त्याला अडवशील म्हणून. मग तू त्याला बोलायचीस ते मला बरं वाटायचं म्हणून."

ती मला हाकलेल असं वाटलं. हाकलायला हवं होतं. ती डोळे मिटून पडली आणि म्हणाली, "तूही रोज ऑफिसातून यायचीस. तुला कधी बस म्हटलं नाही मी. घरातली म्हणून." मी रडायला लागले. ती रडू देत होती, की तिच्यात थांबवायचं त्राण नव्हतं, कोण जाणे.

थोड्या वेळाने तिने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, पण आता वेगळ्या नजरेने, कापड पुरणार नाही हे कळल्यावर ताग्याकडे बघायची तशी. "साडेचार माझ्याच्याने होत नाहीत," ती म्हणाली. "तू ऐक. तो आला की दारातच सांगू नकोस. मी तुझ्या बाबांसाठी गेले ना, तर मला दारातच सांगितलं त्यांनी. कडेवर हा झोपलेला, हातात पिशवी. कुणी बस म्हटलं नाही, की पाणी विचारलं नाही. तू त्याला आधी बसव. पाणी दे. तो वरचा टॉवेल काढ. मग सांग."

"बरं."

"आणि काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

त्यानंतर ती घड्याळाकडे बघेनाशी झाली. उशी खाली करायला लावली. दुपारी श्वास लांब लांब पडत गेला आणि मग पडला नाही. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी नळी काढली, शिलाई मशीनवर झाकण घातलं. भिंतीवर सव्वादोन वाजले होते. मी मुद्दाम हिशेब केला नाही, पण बावीस वर्षांची सवय, तो झाला. विमान उतरायला सव्वादोन तास होते.

फोन करण्यासारखं काही नव्हतं. हवेत फोन लागत नाही. उतरल्यावर त्याचाच आला, "ताई, उतरलो, आई कशी आहे?" मी म्हणाले, "तू ये, मी वाट बघते." काकूंना मी आईजवळ आत बसवलं होतं, मधलं दार ओढून घेतलं. पलंग आम्ही आतल्या खोलीत नेला होता.

पावणेसहाला तो जिना चढून वर आला. एक पिशवी, चुरगळलेला शर्ट, बुटांच्या नाड्या सोडलेल्या, कारण पाय सुजले होते. पुढच्या खोलीतली रिकामी जागा त्याने पाहिली. "आई कुठाय?"

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. खुर्ची पुढे केली. कोरा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, घडीच्या खुणा अजून तशाच होत्या. पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "लांबून आलास. बस आधी. दमला असशील."

तो बसला. पेला तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात ते वाक्य कोणाचं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तिला कळलं?" त्याने विचारलं.

"हो. किलोमीटरसुद्धा विचारले."

"आणि?"

"म्हणाली, एवढ्या लांबून यायचा?"

धाकट्याने मान हलवली. पाणी सगळं प्यायला, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत. मग त्याने टॉवेलात तोंड घातलं, आणि मी मधलं दार उघडलं.